‘निळ्या डुकरा’च्या भिंतीवरचे आकडे

सुज्ञ वाचकांस आरंभीच नम्रपणे विदित करण्यात येते की, पुढील हकीकतीत लंडन शहरातील आमच्या खंदकाकाठच्या सेंट ऑड्री पॅरिशमधील, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतील, साधे लोक, ज्यांच्या बापजाद्यांनी काठीवर खाचा पाडण्यापलीकडे कधी गणित केले नाही, ते नवे आकडे वाचावयास व लिहावयास कसे शिकले, याचे यथातथ्य वर्णन केले जाईल. विद्या म्हटली की शाळा, पाटी आणि छडीवाले गुरुजी डोळ्यांपुढे येतात. आमची शाळा दारूच्या गुत्त्यात भरली. आमची पाटी म्हणजे चुलीवरची काजळलेली भिंत, आणि आमचे धडे मेलेल्या माणसांचे होते. ज्यांना लवकर मळमळते त्यांनी येथेच पान मिटावे, अशी विनंती आहे.

टॉमसिन पाइक ही आमच्या पॅरिशमधील एक विधवा. तिचा नवरा होडीवाला होता आणि तो थेम्समध्येच बुडाला. त्यानंतर पॅरिशने तिला दोन गोष्टी दिल्या. आठवड्याचा पाव आणि पांढरी काठी. पाव सगळ्याच गरीब विधवांना मिळतो. पांढरी काठी मात्र मढी पाहणाऱ्या दोघींनाच मिळते. कोणाच्या घरी माणूस गेला की या दोघींनी जावयाचे, चादर दूर करून काखा, जांघा आणि मान चाचपावयाची, आणि मरण कशाने आले ते चर्चच्या कारकुनाला सांगावयाचे. ताप, खोकला, दात येणे, बाळंतपण, म्हातारपण, यांपैकी जे असेल ते. गाठ किंवा निळे-काळे ठिपके सापडले तर प्लेग. ती काठी हाती घेऊन टॉमसिन निघाली की रस्ता आपोआप मोकळा होई. ओळखीच्या बायकासुद्धा एप्रनचे टोक नाकाला लावून भिंतीला चिकटत. तिला त्याचे फारसे वाईट वाटत नसे. आपले काम घाणेरडे असले तरी खरे आहे, अशी तिची समजूत होती, आणि त्या समजुतीवरच ती जगत होती.

सोळाशे पंचवीसच्या उन्हाळ्यात प्लेग आला आणि त्याच्या मागोमाग मेलेल्यांचा छापील तक्ता आला. तक्ते पूर्वीही छापले जात. पण वाचणार कोण? आता मात्र दर गुरुवारी चर्चच्या दारावर तक्ता डकवला की गर्दी लोटू लागली. प्रत्येक पॅरिशचे नाव, त्यापुढे एकूण किती पुरले, त्यापुढे प्लेगचे किती, आणि सर्वांत खाली साऱ्या शहराची बेरीज. सुरुवातीला कोणीतरी वाचणारा मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. पण आपल्या पॅरिशची ओळ कोणती, हे एकदा कळल्यावर लोक ऐकलेला आकडा आणि दिसलेली आकृती यांची सांगड घालू लागले. चार म्हणजे उलटी पडलेली खुर्ची. सात म्हणजे फासाचा खांब. दोन म्हणजे बदक. शून्य म्हणजे नुसते भोक. त्याला स्वतःची किंमत नाही, दुसऱ्याच्या शेजारी जागा अडवून बसणारे. ज्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, असे चांभार, पाणके आणि भाजीवाल्या महिन्याभरात आकडे वाचू लागले.

टॉमसिनही शिकली. तिची आपली मढ्यागणिक खाच पाडलेली हेझेल नावाच्या झाडाची काठी होती. त्या खाचा अंगठ्याने चाचपून ती कारकुनाला हिशेब देई. तेच मेलेले लोक गुरुवारी कागदावर अवघ्या दोन आकृत्यांत मावलेले पाहून तिला प्रथम नवल वाटले, आणि मग आनंद झाला. आता लोकांना कळेल, असे ती मनाशी म्हणाली. कोणत्या बाजूला प्लेगची आग लागली आहे, मुलांना कोठे पाठवू नये, कोणाकडून जुने कपडे घेऊ नयेत, हे आता कोणी सांगावयाला नको. आकडा तिला पहारेकऱ्यासारखा वाटला. हा तिचा आनंद ‘निळ्या डुकरा’च्या दारापर्यंत टिकला.

‘निळे डुक्कर’ हा आमच्या गल्लीच्या तोंडाचा गुत्ता, आणि डायोनिस क्रॉपली ही त्याची मालकीण. तक्त्याची दुसरी प्रत तिच्याकडे डकवली जाई. टॉमसिनला आत जाण्याची मुभा नव्हती. ती उंबऱ्याबाहेर तिपाईवर बसे, आणि डायोनिस तिचा मग भट्टीत पाव सारायच्या लांब फळीवर ठेवून बाहेर सरकवी. त्या गुरुवारी आत जत्रेसारखा गलका चालला होता. जमिनीवर कालवांचे शिंपले चिकट पाण्यात लोळत होते, व्हिनेगर आणि घामाचा वास बाहेरपर्यंत येत होता, आणि सगळे जण चुलीवरच्या भिंतीकडे तोंड करून ओरडत होते.

“ब्याऐंशी लिही रे, ब्याऐंशी!”

“कोंबडीच्या डोक्याचा आहेस! मागच्या आठवड्यात ब्याण्णव होते. ऊन बघ कसं पडलंय. या उन्हात आकडा खाली येतो होय?”

“माझ्या सासूला धरून का सोडून?”

“तुझ्या सासूला प्लेगसुद्धा शिवायचा नाही, कथबर्ट. तू आपला कमीच धर.”

टॉमसिनने मान लांब करून पाहिले. भिंतीवर कोळशाच्या काजळीत खडूने आकडे लिहिले होते, आणि प्रत्येकापुढे कोणाची ना कोणाची खूण. चांभाराची आरी, कोष्टी कथबर्टचा धोटा, पाणक्याची बादली.

“हे काय चाललंय गं?” तिने डायोनिसला विचारले.

“पैज,” डायोनिस हात पुसत म्हणाली. “पुढच्या तक्त्याला आपल्या पॅरिशात प्लेगचे किती छापून येतील ते लिहायचं. बरोब्बर ज्याचा आला त्याला ड्यूक.”

ड्यूक म्हणजे तिच्या अंगणातला डुक्कर. सांडपाण्यावर आणि शिंपल्यांच्या उष्ट्यावर पोसलेला तो प्राणी इतका लठ्ठ झाला होता की त्याचे डोळे मांसात बुडून गेले होते.

“आणि कोणाचाच नाही आला तर?”

“तर ड्यूक आणखी आठवडाभर चरतो. पण लिहायला एक मग बिअर घ्यावी लागते हं. आणि भिंतीवर आहे तेच खरं. तोंडानं काय बोललास ते नाही. पहिल्या आठवड्यात दोघांची डोकी फुटली ना, तेव्हापासून हा नियम.” मग ती खाली वाकून कौतुकाने म्हणाली, “पण बघ की, सगळे कसे शिकलेत! माझ्या गुत्त्यात कधी कोणी आकडा लिहिला होता का?”

टॉमसिनने हातातला मग खाली ठेवला. त्या भिंतीवरच्या प्रत्येक आकड्यातील माणसे तिच्या हातांखालून जाणार होती. कोणाची काख, कोणाची जांघ. आणि ही मंडळी बोटे चोखत त्यांची वाट पाहत होती.

इतक्यात हंफ्री रज पुढे झाला. रज चरबीच्या मेणबत्त्या ओतणारा. त्याच्या अंगाला उकळलेल्या चरबीचा असा वास येई की तो येण्याआधी गल्लीला कळे. त्याने खडू घेतला, नखांतली चरबी खडूला लागली, आणि मान तिरकी करून त्याने सावकाश लिहिले. आधी शंभर लिहिले, म्हणजे एक आणि दोन भोके, आणि त्यापुढे उलटी खुर्ची काढली. भिंतीवर उमटले: १००४. त्यापुढे त्याने आपली मेणबत्तीची खूण काढली.

“एकशे चार!” तो वळून म्हणाला. “शंभराच्या वर जाणार, लिहून ठेवा.”

“लिहिलंयस की तूच,” कोणीतरी म्हणाले, आणि हशा पिकला.

त्यात चूक आहे असे कोणालाच वाटले नाही. आमच्याकडे गणित करावयाचे ते रेघांच्या फळीवर पितळी चकत्या मांडून; शंभराची चकती शंभराच्या रेघेवर, चाराच्या चार खालच्या रेघेवर. दोन्ही आपापल्या जागी सबंध. मग लिहितानाही शंभर सबंध लिहावे आणि चार सबंध लिहावे, याहून सरळ काय? आमच्या ओळीत तोवर तीन आकृत्या कधी छापून आल्याच नव्हत्या.

तो आठवडा वाईट गेला. टॉमसिन आणि तिची जोडीदारीण अर्सुला बेक या दाराहून त्या दाराला जात राहिल्या. अर्सुलाला डोळ्यांनी धड दिसत नव्हते आणि बिअरवाचून तिचे पाय उठत नव्हते. पण पॅरिशला दोन बायका हव्या होत्या, आणि या कामाला तिसरी कोणी तयार नव्हती. मंगळवारी संध्याकाळच्या घंटेला कारकून आपला कागद बंद करी. त्या दुपारी हिशेब एकशे तीनवर आला होता. टॉमसिनने ते कोणाला सांगितले नाही. अर्सुलाने सांगितले असावे, कारण दोघी होल्टच्या घराकडे वळल्या तेव्हा रज कोपऱ्यावर उभा होता.

“पाइकबाई,” तो गोड आवाजात म्हणाला, “म्हातारा होल्ट गेला म्हणे. कशानं?”

“अजून पाहिलं नाही.”

“गाठ असेल.”

“कुठं?”

“असेल कुठंतरी. म्हाताऱ्या अंगाला गाठी काय कमी असतात?” तो आणखी जवळ आला. टॉमसिनला पाहून जवळ येणारा गल्लीतला हा पहिला माणूस. “हिवाळाभर मेणबत्त्या पाठवीन तुझ्याकडे. बैलाच्या चरबीच्या, मेंढीच्या नाही. अर्सुलाबाई हो म्हणाल्यात.”

“आणि त्या घराचं दार बंद होईल, त्याचं काय?”

“सव्वा महिना घरात बसायचं. पॅरिश पाव देतं. माझ्या बायकोला विचारलंस तर ती आनंदानं बसेल.”

“त्यांच्या सुनेचे, ॲग्नेसचे दिवस भरलेत, हंफ्री. दाराला कुलूप लागलं की सुईण पाऊल टाकणार नाही.”

“मग काय झालं?” रज खरोखरच नवलाने म्हणाला. “एरवी ती काय बाहेर पळत फिरणार होती?”

त्याचा हात तिच्या बाहीवर होता. टॉमसिनने बाही झटकली. तेथे बोटांचे तेलकट ठसे उमटले होते. इतकी वर्षे मढी चाचपूनही तिला आपले अंग इतके घाणेरडे कधी वाटले नव्हते.

होल्टचे घर मोजे-हातमोजे शिवणाऱ्यांचे. वरच्या खोलीत म्हातारा निजवला होता. त्याचा खोकला साऱ्या गल्लीला वर्षानुवर्षे ठाऊक होता; त्याच्या खोकल्यावर लोक उठत आणि झोपत. मुलगा गिडियन दाराशी टोपी चुरगाळीत उभा होता, दोन लहान मुली जिन्यावर बसल्या होत्या, आणि सून ॲग्नेस दोन्ही हात पोटावर ठेवून भिंतीला टेकली होती. टॉमसिनने चादर काढली. अंग सापळ्यासारखे सुकलेले, बरगड्या मोजून घ्याव्या अशा, उशीवर रक्ताची थुंकी वाळलेली. काखा स्वच्छ. जांघा स्वच्छ. मान स्वच्छ. एकही ठिपका नाही.

अर्सुलाने आपला हात म्हाताऱ्याच्या काखेत घातला.

“आहे,” ती म्हणाली.

“काय आहे?”

“गाठ.”

“ते हाड आहे, अर्सुला.”

“तुझ्या लेखी हाड.”

“हात दे इकडे. हे बघ, दुसऱ्या बाजूलाही तसंच आहे. तुझ्याही काखेत आहे. हाड आहे ते!”

“आहे म्हणते ना मी!” अर्सुला किंचाळली, आणि तिच्या तोंडाला बिअरचा आंबूस वास आला. तिने टॉमसिनकडे पाहिले नाही.

ॲग्नेस पुढे आली. “मावशी, खोकलाच होता ना हो? तुम्हाला तर माहीत आहे. सांगा ना त्यांना.”

“सांगते,” टॉमसिन म्हणाली. “तिथं जाऊन सांगते.”

कारकून विगमोर खिडकीआड, नाकाशी व्हिनेगरचा बोळा धरून बसला होता. त्याने दोघींचे ऐकून घेतले.

“एक म्हणते प्लेग, एक म्हणते खोकला,” तो म्हणाला. “संशय आला तर प्लेग धरावा, असा वरचा हुकूम आहे.”

“संशय नाहीये साहेब. विकत घेतलेला आहे. विचारा हिला.”

“मी काही विकलं नाही,” अर्सुला पुटपुटली. “मला गाठ लागली.”

“आत बाई बाळंत व्हायची आहे साहेब.”

“बाळंतपण जिवंतांकडे मोडतं,” विगमोर बोळ्याआडून म्हणाला. “बाप्तिस्म्यांचा रकाना वेगळा आहे. झालं की कळवा.” आणि त्याने लेखणी शाईत बुडवली. बाहेर संध्याकाळची घंटा वाजू लागली होती.

अंधार पडण्यापूर्वी होल्टच्या दाराला कुलूप लागले, दारावर लाल क्रूस काढला गेला आणि भालेवाला पहारेकरी बसला. वरच्या खिडकीतून ॲग्नेस काहीतरी ओरडत होती. कोणी वर पाहिले नाही.

गुरुवारी तक्ता आला. टॉमसिन तिपाईवर न बसता उंबऱ्यावर उभी राहिली, आणि कोणी हटकले नाही, कारण सगळ्यांचे डोळे कागदावर होते. आमच्या ओळीत प्रथमच तीन आकृत्या होत्या: १०४.

“एकशे चार!” वाचणाऱ्याने ओरडून सांगितले.

रजने टोपी छताला फेकली. “आणा माझा ड्यूक! दोरी आणा!”

“थांब,” कोष्टी कथबर्ट म्हणाला. तो कागदाकडे पाही आणि भिंतीकडे पाही. “हे आणि ते एक नाही. कागदावर एक भोक आहे. तुझ्याकडे दोन आहेत.”

“भोकाचं काय एवढं? भोक म्हणजे काहीच नाही! काहीच नाही एकदा लिहा नाहीतर दोनदा लिहा!”

तेव्हा टॉमसिन उंबऱ्यावरून बोलली. “खालची बेरीज बघा. साऱ्या शहराची. चार आकृत्या आहेत, आणि दर आठवड्याला तिला तुम्ही हजार म्हणून वाचता. भिंतीवरही चार आहेत. यानं एक हजार चार लिहिलंय.”

क्षणभर सर्वांनी ओठ हलवीत ताडून पाहिले. मग असा हशा उसळला की चुलीवरचे भांडे कलंडले. “हजार! हंफ्रीनं आख्खा पॅरिशच मारला! अरे, तुझ्यासकट मेले असते तरी भरले नसते!” डायोनिस हसून हसून खुर्चीवर बसली. “भिंतीवर आहे तेच खरं,” ती डोळे पुसत म्हणाली. “ड्यूक चरणार.”

रजचा चेहरा चरबीसारखा पांढरा झाला, आणि मग लाल. “मग मी त्या म्हाताऱ्या होल्टला फुकटच प्लेगात घातला?” तो ओरडला. “अर्सुलाला पाजलेली बिअर, सगळं पाण्यात?”

हसणे थांबले. टॉमसिनला वाटले, आता. आता यांच्यापैकी कोणीतरी उठेल, टोपी घालील आणि म्हणेल, चला, ते दार उघडूया. सर्वांनी ऐकले होते. सर्वांना होल्टचे घर ठाऊक होते. अर्ध्या जणांच्या पायांत गिडियनने शिवलेले मोजे होते.

कथबर्ट उठला. त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडल्यासारखे झाले होते. “म्हणजे,” तो म्हणाला, “खरा आकडा एकशे तीन!”

“मग?”

“मग एकशे तीन मी लिहिलाय! बघा, धोटा माझा! एक, भोक, आणि तीन. ड्यूक माझा आहे!”

“तूसुद्धा शंभर लिहून मग—”

“नाही, मी एकच भोक काढलंय! खडू संपला होता म्हणून, पण काढलंय एकच!”

आणि सगळे पुन्हा भिंतीकडे धावले. कोणी म्हणे छापलेला आकडा खरा, कोणी म्हणे मेलेला आकडा खरा. एकाने कथबर्टची कॉलर धरली, शिंपले पायांखाली चुरडू लागले. ॲग्नेस होल्टचे नाव त्या कोलाहलात एकदाही निघाले नाही.  टॉमसिन बाहेर गेली आणि भिंतीला हात टेकून तेथेच गटारात ओकली. सडलेल्या मढ्यांपुढे ती कधी ओकली नव्हती.

तोंड पुसून ती तशीच विगमोरकडे गेली. “रजनं सगळ्यांसमोर कबूल केलंय साहेब. वीस जणांनी ऐकलं. आता तरी दार उघडा.”

विगमोरने बोळा हुंगला. तो दुष्ट माणूस नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. “तू म्हणतेस ते खरं असेल,” तो म्हणाला. “पण छापून झालंय. आपले एकशे तीन केले की शहराची बेरीज चुकते. ती बेरीज राजवाड्यावर गेली आहे. एका दारासाठी मी साऱ्या शहराची बेरीज बिघडवू?”

“दाराआड माणसं आहेत.”

“बेरजेतही माणसंच आहेत, बाई.”

 टॉमसिनने पांढरी काठी त्याच्या खिडकीला टेकवून ठेवली आणि ती निघून गेली.

होल्टच्या दाराशी पहारेकरी पाव खात होता. “आत जाता येतं,” तो म्हणाला. “बाहेर येता येत नाही. कळतंय ना, आजी? काठी कुठंय तुमची?”

“नाही माझ्याकडे.”

“मग कशाला जाताय?”

“सुईण येत नाही म्हणून,” टॉमसिन म्हणाली. “कुलूप काढ.”

ती आत गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ॲग्नेसला कळा सुरू झाल्या. टॉमसिनने जन्मभर माणसे जाताना पाहिली होती, येताना फार थोडी. पण अंग तेच असते, आणि तिचे हात अंगाला घाबरत नव्हते. मुलगा झाला. गिडियन खिडकीतून ओरडून सांगू लागला तेव्हा खाली गर्दी दिसली, आणि त्याला वाटले, शेजारी आनंद करावयास आले आहेत.

शेजारी मोजावयास आले होते. ‘निळ्या डुकरा’त नवी पैज लागली होती. पॅरिशचा आकडा लावून लोक कंटाळले होते, म्हणून आता होल्टचे घर. चौघे आणि पाइकबाई मिळून आत पाच. कुलूप निघेल तेव्हा त्यांतले किती मेलेले असतील? भिंतीवर दोन, तीन, पाच असे आकडे पडले होते. रजने पाच लावले होते, आणि यावेळी त्यात एकही भोक नसल्याची त्याने खात्री करून घेतली होती.

“अहो पाइकबाई!” तो खालून ओरडला. “कोणाला ताप आहे का? सांगा की! उगाच आम्हाला इथवर चालायला लावता!”

“मावशी, मुलींपैकी धाकटी पडलीय का आजारी? माझे दोन लागलेत!” हा कथबर्ट.

टॉमसिन खिडकीपाशी आली. तिने प्रत्येकाचा चेहरा नीट पाहिला. मग ती आत गेली, रात्रीचे आणि बाळंतपणाचे सगळे ज्यात साठले होते ते भांडे दोन्ही हातांनी उचलून आणले, आणि खाली रिकामे केले. रजला सर्वांत जास्त मिळाले. पहारेकरी हसून हसून भाल्याला लटकला. त्यानंतर ते खिडकीपासून दूर उभे राहू लागले, पण येत मात्र राहिले.

सव्वा महिना सरला. कुलूप निघाले त्या सकाळी सगळा गुत्ता गल्लीत उभा होता. डायोनिससुद्धा एप्रनला हात पुसत आली होती. दारातून प्रथम गिडियन बाहेर आला, उजेडाने डोळे मिचकावीत. मग एकमेकींचा हात धरून दोन्ही मुली. मग टॉमसिन. आणि शेवटी ॲग्नेस, छातीशी गाठोडे घेऊन, आणि ते गाठोडे रडत होते.

“सहा,” कथबर्ट म्हणाला. त्याने पुन्हा बोटे मोजली. “पाच आत होते ना? सहा बाहेर कसे आले?”

उणे करण्यात पटाईत झालेल्या त्या मंडळींना हे गणित सुटेना.

“मेले किती?” रजने विचारले.

“एकही नाही,” पहारेकरी म्हणाला.

“मग ड्यूक कोणाचा?”

सर्वांनी डायोनिसकडे पाहिले. ती भिंत आठवू लागली. “शून्य कोणी लिहिलं होतं का?”

 कथबर्ट चिडून म्हणाला, “शून्य हा काय आकडा आहे? भोक आहे ते. एकटं भोक कोण लिहील?”

“एवढे दिवस फुकट गेले,” रज म्हणाला, आणि आजूबाजूला माना डोलल्या.

टॉमसिनने त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले. पाकीट मारले गेल्यासारखे ते सगळे आंबट तोंड करून उभे होते, कारण एक बाई, तिचा नवरा आणि त्यांची मुले जिवंत होती. कोणी बाळ पाहू असे म्हणाले नाही. ॲग्नेसने शेजाऱ्यांकडे पाहून हसण्याचा प्रयत्न केला, आणि मग तिने गाठोडे शालीखाली झाकून घेतले. टॉमसिन पुढे झाली, रजच्या पायांपाशी दगडावर थुंकली, आणि ॲग्नेसला दंडाला धरून चर्चकडे बाप्तिस्म्यासाठी घेऊन गेली. मागे डायोनिस सांगत होती की ड्यूक आणखी आठवडाभर चरेल, आणि आता नवी पैज काय लावायची?

त्या आठवड्याच्या तक्त्यात, अगदी तळाशी, बाप्तिस्म्यांच्या रकान्यात गिडियन होल्टचा मुलगा मोजला आहे. ती ओळ आमच्या पॅरिशमध्ये कोणी वाचली नाही. टॉमसिनने पांढरी काठी पुन्हा हातात घेतली नाही. विगमोरने दोनदा निरोप पाठवला, आणि दोन्ही वेळा तिने निरोप्याच्या तोंडावर दार लावले. पुढे ती नदीकाठी सतापाची औषधी पाने आणि पालेभाज्या विकून राहिली. ड्यूक कोणालाच मिळाला नाही. तो म्हातारा होऊन मेला आणि त्याचे मांस कोणाच्या दातांना चावेना.

आज आमच्या पॅरिशमध्ये लहान पोरालाही एकशे चार बिनचूक लिहिता येते. एक आणि चार यांच्यामध्ये शून्य एकदाच येते, हे सर्वांना ठाऊक आहे. ते आम्ही कोठून शिकलो असे बाहेरच्याने विचारले, तर लोक सांगतात की काळच पुढारला आहे. म्हणून मी जे टॉमसिनबाईंच्या तोंडून ऐकले ते येथे लिहून ठेवले. येथवर वाचण्याचे ज्यांनी धैर्य केले, त्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार मानून लेखणी खाली ठेवतो.

आपला नम्र,
ओबडाया फेन,
मोजे विणणारा, खंदकाकाठ